सरांच्या स्कूटरचा आरसा

गणपतराव सरांची पट्टी सागवानी होती आणि ते ती सपाट कधीच मारत नसत. उभी धरून, धारेनं, बोटांच्या पेरांवर. दोन हजार चार सालच्या त्या सोमवारी आठवीतल्या साक्षीला अशा अकरा बसल्या. गुन्हा एवढाच, की स्कूटरचा आरसा अंतर्वक्र असतो असं सरांनी फळ्यावर लिहिलं आणि ही उभी राहून म्हणाली, "सर, तो बाहेर फुगलेला असतो. म्हणजे बहिर्वक्र." वर्ग फिस्सकन हसला, आणि ते हसू सरांना झोंबलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. वर डायरीत शेरा पडला, 'उलट बोलते.'

साक्षीचा बाप बाळासो उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होता. अठरा वर्षं वाळूचे साचे ठोकत होता. त्याची स्वतःची शाळा पाचवीत सुटलेली. त्याच्या घरात देव्हारा नव्हता; देवाची ती जागा त्यानं मास्तर लोकांना देऊन टाकली होती. शेरा वाचला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सरास्नी उलट बोललीस?"

"पप्पा, सरच चुकल्यात. ही पळी बघा की." साक्षीनं आमटीची पळी उचलली. बोटं सुजल्यामुळं ती धड धरताही येत नव्हती. "आमटी ऱ्हाती ती आतली बाजू अंतर्वक्र. आन् ही मागची..."

बाळासोनं पळी हिसकावली आणि तिच्या पाठीत घातली.

"सरापेक्षा जास्त कळतंय व्हय गं तुला? शिकून आल्यात ती!" दुसरा तडाखा खांद्यावर, तिसरा कोपरावर. बायको, विमला, मधे पडली, तर एक तिच्या मनगटावर बसला आणि दोन बांगड्या फुटल्या.

"अवं, मरंल की पोरगी!"

"तू गप! म्हण गं, आरसा अंतर्वक्र! म्हण!"

साक्षी म्हणेना. बापावर गेली होती. पण सातव्या तडाख्याला कोपर धरून खाली बसली आणि म्हणाली, "अंतर्वक्र." पळीचा दांडा वाकला होता. बाळासोनं तो गुडघ्यावर सरळ केला आणि तो जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी फौंड्रीत त्यानं लाकडी पॅटर्न वाळूत ठोकून बसवला आणि अलगद उचलला. हातात फुगीर पॅटर्न, खाली वाळूत खोलगट साचा. शार्दूल नावाचा डिप्लोमावाला सुपरवायझर शेजारीच ड्रॉइंग बघत होता. बाळासोच्या डोक्यातून पळी काही जात नव्हती.

"सायेब, पुस्तकात ह्येला काय म्हन्त्यात?"

"पॅटर्न बहिर्वक्र, साचा अंतर्वक्र. बाहेर आला त्यो बहिर्वक्र. सोपं हाय की, काका."

"आन् स्कूटरचा आरसा?"

शार्दूलनं त्याला फाटकाशी नेलं आणि त्याचा तळवा आपल्या गाडीच्या आरशावर ठेवला. हाताच्या काकणाला आरसा कशाला! अठरा वर्षं दोन्ही आकार बाळासोच्या तळव्यांना पाठ होते. काच मधोमध फुगलेली होती. पोरगी काल रडत हेच सांगत होती. त्याला भडभडून आलं, मग संताप आला, आणि अर्धी पाळी टाकून तो तडक शाळेत गेला.

शाळा सुटली होती. सर स्कूटरला किक मारत होते.

"मी साक्षीचा बाप. ह्यो आरसा बहिर्वक्र हाय."

सरांनी इकडंतिकडं बघितलं. "माहीत आहे मला. काल घरी जाऊन पुस्तक बघितलं. पण वर्गासमोर कबूल केलं तर पोरं डोक्यावर बसतात हो. आणि आता विषय मिटला. आज सकाळी ती आपणहून माफी मागून गेली. तुम्ही घरी चांगली समज दिलीत."

बाळासोनं त्यांची गचांडी धरली. स्कूटर आडवी झाली, सर भिंतीवर आदळले, चष्मा उडाला. "म्हाईत हुतं? आन् तरी माफी घेतलीस?" भट्टीपुढं शेकून राठ झालेली मूठ वर गेली. सरांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं, कोपर पुढं काढून. काल साक्षीनंही असंच झाकलं होतं. सरांचे अकरा, आपले सात. ह्यानं मारलं ते शाळेत. आपण मारलं ते तिच्या हक्काच्या घरात. ही मूठ आधी कुणाच्या तोंडावर बसायला हवी, हे त्याला कळून चुकलं. तो वाकला आणि स्कूटरच्या आरशात दिसणाऱ्या आपल्याच तोंडावर बुक्के घालत राहिला. काच हाडापर्यंत घुसली तेव्हा शिपायानं त्याला मागं ओढलं.

रक्तानं भिजलेला रुमाल हाताला गुंडाळून तो घरी आला. साक्षी चुलीशेजारी बसली होती. तो तिच्यासमोर टेकला, डाव्या हातानं पळी घेतली आणि तिची फुगीर पाठ पुढं केली.

"बाळा, ही बाजू कसली? खरं सांग."

साक्षीनं पळीकडं बघितलं. मग त्याच्या रक्ताळलेल्या हाताकडं बघितलं.

"अंतर्वक्र, पप्पा," ती घाईघाईनं म्हणाली, आणि तरीही पेरं वर करून तिनं हात पुढं धरला.