साळूबाईचा कान आणि मंगळवारचा फोन

"आगं ए साळे! कवाधरनं हाका मारतीया, बहिरी झाली का काय?" विमलबाईनं कापसाच्या शेजारच्या पातीतून ढेकूळ भिरकावलं. ते पाठीत बसलं तेव्हा कुठं साळूबाई वळली.

"बहिरी झाले न्हाई, हायेच! आन् ढेकळं कशाला मारतीस म्हशीला मारल्यावानी?"

"म्हशीला हाक तरी कळती. मंगळवार हाय आज. अकराला फोन हाय न्हवं तुझा?"

साळूबाईनं ओटीतला कापूस गाठोड्यात रिचवला. पौषातलं ऊन अंगाला गोड लागत होतं, पण काळं रान आतून वाळून तडकलेलं, भेगेत पाऊल अडकलं तर मुरगळायचंच. तिनं बोंडातला कापूस ओढला, सरकी काढून टाकली आणि डाव्या कानातला जुना बोळा उपसून नवा बसवला. जुना बोळा पिवळाजर्द झालेला. विमलबाईनं नाकाला पदर लावला.

"आगं, सडक्या कांद्याचा वास येतुया. डागदराला सांग की हे!"

"सांगायला फोन माझ्या हातात तर यायला पायजे!" म्हणत साळूबाई बांधाला लागली.

त्याचं असं झालं होतं. आदल्या उन्हाळ्यात नगरच्या एका धर्मादाय दवाखान्यानं गावात कानांचं शिबिर घेतलं. साळूबाईचा डावा कान लेकरपणापासून वाहायचा. डॉक्टरीणबाईनं बघितलं आणि कानामागचं हाड किडलंय म्हणाली. दिवाळीआधी दवाखान्यात नेऊन ऑपरेशन केलं, हाड साफ केलं, पडद्याला ठिगळ लावलं. गावातल्या आणखी चौघांचे कान असेच दुरुस्त झाले. आता दर आठवड्याला तपासायला नगरला कोण जाणार? एस.टी.त अर्धा दिवस मोडणार, रोजगार बुडणार. तर दवाखान्याच्या अध्यक्षांनी नवी टूम काढली. दर मंगळवारी अकराच्या ठोक्याला दवाखानाच गावातल्या एस.टी.डी. बूथवर फोन करील आणि कानांची खबर घेईल. 'दवाखाना तुमच्या दारी' असा कापडी फलकही बूथवर लागला. पारावरची म्हातारी माणसं म्हणाली, "उंटावरनं शेळ्या हाकायचा धंदा हाय ह्यो." पण पारावरच्यांचं कोण ऐकतंय?

बूथ होता भिमाजीचा. भिमाजी म्हणजे ग्रामपंचायतीचा मेंबर, इस्त्रीचं पांढरं शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यातलं एकही चालायचं नाही.

पहिल्या मंगळवारी साळूबाई काचेच्या खोपटात शिरली आणि ऑपरेशनचा कान तोच तपासायचा म्हणून फोन त्याच कानाला लावला. तिला काहीच ऐकू येईना. ती नुसतीच "हालू? हालू?" करत बसली. भिमाजीनं फोन हिसकावला. "मला इचार, मी सांगतो," म्हणाला.

पलीकडं डॉक्टरीण नव्हतीच. होता कंपाउंडर, त्याच्यापुढं छापील कागद. कान वाहतो का? ठणकतो का? वास येतो का? चक्कर येते का? भिमाजी पहिल्या दिवशी एकदाच चुकला. पुंजारामच्या कानाबद्दल "व्हय" म्हणाला. मग त्या एका व्हयवर कंपाउंडरनं पुढचे धा सवाल विचारले. किती वाहतो, कसला रंग, कवापासून? आणि बाहेर कांद्याचे व्यापारी लासलगावचा भाव विचारायला ताटकळलेले, शिव्या देणारे! त्या दिवसापासून भिमाजीनं ठरवलं, सगळ्यांचं एकच उत्तर. न्हाई. न्हाई. न्हाई. न्हाई. पाच माणसांचे पाच कान दोन मिनिटांत बरे व्हायचे.

आजही तेच झालं. साळूबाई धापा टाकत पोचली तोवर भिमाजीनं फोन ठेवलाही होता.

"झालं की आक्का तुझं. ठणठणीत हाय म्हून लिवलं त्यांनी."

"आरं, कुनी लिवलं? माझ्या कानातनं पू येतुया. काल गिरणीपाशी भवंड येऊन पडले मी!"

"थंडीचं हुतं तसं. नगरचा दवाखाना ठणठणीत म्हनतुया, आन् तू त्यांच्यापेक्षा शानी का?"

घरी नवऱ्यानं, गहिनीनाथानंही तीच री ओढली. गरीब माणूस, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "आगं, फोनवर लिवलंय बरं हाय म्हून, तर आसंल बरं."

"अवो, कान माझा का फोनचा?"

गहिनीनाथ बैलाला पेंढी टाकायला वळला. पण त्या दिवशी चहा पिताना साळूबाईच्या ओठाच्या कडेनं चहा गळून लुगड्यावर सांडला. तिनं पुसला. दुसऱ्या घोटाला परत सांडला. तिनं पितळी ताटात तोंड बघितलं. डावा ओठ खाली ओघळल्यासारखा दिसत होता. मग मात्र तिनं पिशवी भरायला घेतली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ती उद्याच्या एस.टी.नं नगर गाठणारच होती, तेवढ्यात दवंडी आली. उद्या दवाखान्याचे अध्यक्ष बन्सीशेठ खुद्द गावात येणार. फोनवरच्या उपचाराला शंभर टक्के गुण आला म्हणून भिमाजीचा सत्कार!

"मंग जाती कशाला?" गहिनीनाथ म्हणाला. "दवाखानाच येतुया की."

बुधवारी बूथपुढं मांडव पडला. बन्सीशेठ पांढऱ्या जीपमधून उतरले, सोबत पेपरवाला. सरपंचाच्या घरी कोंबड्याचा रस्सा उकळत होता, त्याचा वास भाषणांच्या आधी मांडवात पोचला. बन्सीशेठनी हातात न धरता बोलायचा फोन आणला होता. बटण दाबलं की पलीकडचं बोलणं डब्यातून बाहेर. त्यापुढं सहादेव लाऊडस्पीकरवाल्यानं माईक लावला आणि एक कर्णा मांडवाच्या खांबाला बांधला. साळूबाईला बायकांत मागं, नेमकं त्याच खांबाखाली बसवलं होतं. दिसू नये म्हणून. पेपरवाल्याच्या फोटोत कापसाचा बोळा बरा दिसत नाही, असं भिमाजीचं म्हणणं.

फोन लागला. कर्णा आधी कुईऽऽ करून केकाटला, मग त्यातून डॉक्टरीणबाईचा आवाज आला. या वेळी कंपाउंडर नव्हता, कारण समारंभ होता.

पुंजाराम पुढं झाला. त्याचा कान खरंच बरा झालेला. "बरं हाय बाई, बरं हाय!" तो इतक्या जोरात ओरडला की कुत्री भुंकली. टाळ्या पडल्या.

"आता साळूबाईंना द्या," डॉक्टरीण म्हणाली. "त्यांचंच ऑपरेशन अवघड होतं."

भिमाजी हार घातलेल्या मानेनं पुढं झाला. "त्या कापसाच्या येचनीला गेल्यात, बाईसाहेब. एकदम ठणठणीत हायेत."

कर्णा डोक्यावरच होता, म्हणून साळूबाईला शब्द न् शब्द ऐकू आला. ती उठली. चक्कर आली तशी विमलबाईचा खांदा धरून क्षणभर थांबली आणि मग बायका तुडवत पुढं गेली.

"कोन गेलंय येचनीला? मी काय भूत हाय?"

"आक्का, खाली बस..."

"सरक!" तिनं भिमाजीला असं ढकललं की हार त्याच्या नाकावर आला. "डागदरीनबाई, मी साळू! कान लई वाहतुया. वास मारतुया. भवंड येतीया."

डब्यातून कागद चाळल्याची खसखस आली. मग आवाज आला, पण वेगळा, झटक्याचा. "मावशी, चहा पिताना तोंडातून गळतो का?"

"व्हय! तुमाला कुनी सांगितलं?"

"किती दिवस झाले?"

"कालधरनं. कान म्हनाल तर महिना झाला."

"भिमाजी! सहा मंगळवार माझ्यापुढं कागद आलाय. सहाही वेळा 'नाही' लिहिलंय. तुम्ही कुणाला विचारून सांगत होता?"

हे सगळं कर्ण्यातून चाललेलं. मांडवातच काय, पार वेशीपलीकडच्या गुऱ्हाळावर ऐकू गेलं. सहादेवला आवाज कमी कर म्हणून भिमाजीनं खुणा केल्या. सहादेवनं वर बघितलं आणि आवाज आणखी वाढवला. त्याच्या आईचाही कान त्या पाचांत होता.

"मावशींना आत्ताच्या आत्ता आणा," डॉक्टरीण म्हणाली. "एस.टी.ची वाट बघू नका. अध्यक्षांची जीप तिथंच असेल ना?"

सगळं गाव बन्सीशेठकडं बघायला लागलं. पेपरवाल्यानं पेन उघडलं. बन्सीशेठनी घसा साफ केला. "हो, म्हणजे... जेवण झालं की..."

"जेवण होईपर्यंत तोंड कायमचं वाकडं होईल," कर्णा म्हणाला.

साळूबाई, गहिनीनाथ आणि विमलबाई जीपमध्ये चढले. मागच्या सीटवर शालीचं पुडकं होतं, विमलबाईनं ते साळूबाईच्या डोक्याखाली दिलं. जीप धुरळा उडवत गेली. रश्श्यावर बन्सीशेठचं मन लागलं नाही. दुपारच्या शेवगाव-नगर गाडीत कंडक्टरशेजारी एका पायावर उभे राहून ते गेले, हातात सत्काराचा नारळ.

त्याच दिवशी साळूबाईचं दुसरं ऑपरेशन झालं. आठवडे गेले, ओठ हळूहळू जाग्यावर आला. डाव्या कानाचं ऐकणं मात्र गेलं ते गेलंच. महिनाभर आधी आली असतीस तर तेही राहिलं असतं, असं डॉक्टरीणबाई तोंड फिरवून म्हणाली. पेपरात बातमी आली, 'टेलिफोनमुळे वाचली महिला'. खाली फोटो भिमाजीचा, कानाला फोन लावलेला. साळूबाईचं नाव 'सखूबाई' छापलं होतं.

टाके काढून साळूबाई गावी आली. फोनची तपासणी बंद झाली नव्हती, होणारही नव्हती, कारण फलक नवा शिवला होता. मंगळवारी अकरा वाजता ती बूथवर हजर. भिमाजीनं स्टूल पुढं सरकवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. फोन वाजला. साळूबाईनं तो उजव्या कानाला लावला.

"कान वाहतो का?" पलीकडून कंपाउंडर वाचायला लागला.

"तू कोन?"

"मी कंपाउंडर. कान वाहतो का? हो का नाही तेवढं सांगा."

"तुला न्हाई सांगायची. डागदरीनबाईला बोलीव."

"त्या पेशंट तपासतायत. वेळ लागेल."

"लागू दे," साळूबाई म्हणाली. तिनं स्टुलावर मांडी ठोकली, पदर सावरला. बाहेर सात व्यापारी आणि एक मेंबर घड्याळ बघत उभे होते. "मी काय येचनीला गेले न्हाई. बसले हितंच, फोन धरून."