मागची बाजू कोरी ठेवावी

साल एकोणीसशे अडुसष्ट. सालाबद्दल माझी चूक होणार नाही, कारण त्या वर्षी मला एकोणीस पूर्ण झाली आणि त्याच वर्षी मला माझ्या सख्ख्या भावाची पहिल्यांदा किळस आली. राग त्याआधीही येत असे. भावंडांतला राग संध्याकाळच्या चहाबरोबर उतरतो. किळस उतरत नाही. आज पंचाहत्तरी उलटली, तरी कोणी नखाने कागद खरवडला की मी तिथून उठून जाते.

आम्ही चौघं दोन खोल्यांत राहायचो. आई, दादा, ताई आणि मी. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. दादा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दीड वर्षापूर्वी तिच्या पाठीच्या मणक्याला क्षय झाला, डॉक्टरांनी छातीपासून कमरेपर्यंत प्लॅस्टर घातलं आणि ती आतल्या खोलीत छताकडे तोंड करून आडवी झाली. कुशीवर वळवायला दोन माणसं लागत. वळवली की तिला खिडकी दिसे, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी व टाकीला लावलेली लोखंडी शिडी. त्या शिडीला किती पायऱ्या आहेत ते तिला पाठ होतं.

"आठ वर्षं दिवसभर माणसांचं बोलणं ऐकलं गं," ती म्हणायची. "चोरून नव्हे हां, लाइन जोडताना कानावर पडायचं तेवढंच. 'हॅलो, पोचलास का?' 'हॅलो, मुलगी झाली!' आता कानात नुसती ती टाकी गळते."

दादाला चित्रांच्या पोस्टकार्डांचा छंद होता. अशा छांदिष्टांचं एक मंडळ होतं आणि त्याची पत्रिका दर दोन महिन्यांनी निघे. तीत प्रत्येक सभासदाचा पत्ता आणि खाली त्याची आवडनावड छापलेली असे. आपण ती वाचायची, कोणीतरी अनोळखी निवडायचा, त्याला आवडेल असं कार्ड पाठवायचं; आपल्यालाही तिसरंच कोणीतरी पाठवायचं. कल्पना गोड होती. पण आमच्या दादाची आवडनावड म्हणजे निम्मा कॉलम. आवड एका ओळीत, नावड अकरा ओळींत. फुलं नकोत, पुतळे नकोत, समुद्र चालेल पण त्यात बोट नको, कोपरे दुमडलेले नकोत, हवापाण्याच्या गप्पा नकोत. वर्षभरात चार कार्डं आली. त्यातल्या एकात बोट होती.

"दादा, एवढ्या अटी घालून बायकोसुद्धा मिळत नाही," ताई आतून ओरडली, "कार्ड कुठलं मिळायला!"

आम्ही तिघी हसलो. दादा हसला नाही. तो विचारात पडला होता.

आठवडाभराने जेवताना त्याने जाहीर केलं, "ताईचंही नाव मंडळात घालतो. तिचा वेळ जाईल." आईने डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? फॉर्म माझ्याकडून लिहून घेतला. "तुझं अक्षर मोत्यासारखं आहे," तो म्हणाला. तो मजकूर सांगत गेला आणि मी लिहीत गेले. शब्द न् शब्द माझ्या ध्यानात आहे.

"मी सव्वीस वर्षांची असून दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेली आहे. बाहेरचे जग मला आता चित्रांतूनच दिसते. आवड: जुनी, हाताने रंगवलेली कार्डे, रेशमी कापडाची किंवा सोनेरी कडेची असल्यास विशेष आनंद होईल, दीपगृहे, पूल, रेल्वे स्थानके. नावड: आधुनिक छपाई, प्राण्यांची पिल्ले, विनोदी चित्रे. कार्ड पाकिटात घालून पाठवावे. वाचताना मला त्रास होतो, तरी मागची बाजू कोरी ठेवावी."

"ताईला वाचायचा कुठे त्रास होतो?" मी विचारलं. "ती तर औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा वाचून काढते."

"अगं, शाई लागली की कार्ड मेलं. मंडळाच्या प्रदर्शनात कोण विचारतंय त्याला?"

"मग तुझ्या नावावर माग की."

"माझ्या नावावर चार येतात. बघितलंस ना?"

मी लिहिलं. त्याने माझा हात धरून लिहून घेतलं नाही. मोत्यासारखं अक्षर म्हटल्यावर मी पाघळले, एवढंच. काय लिहिलं म्हणून ताईने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तुला चित्रं आवडतात असं." मी चपला घालून दूध आणायला गेले.

आणि कार्डांचा पूर आला. तिसऱ्या आठवड्यात एका टपालात अकरा. कोणी आजीच्या पेटीतलं रेशमी कार्ड काढून पाठवलं, कोणी सोनेरी कडेचं. दादा कामावरून आला की हात धुऊन टेबलाशी बसे, पाकिटं कापी, चिमट्याने कार्ड उचली आणि भिंगाखाली धरी. पाकिटावरची तिकिटंही त्याला हवी असत. ती तो पाण्यात भिजत घालायचा, आणि कशात? ताईला पडल्यापडल्या दूध पाजायचा चोचीचा कप होता ना, त्यात. सकाळी तो कामावर निघे तेव्हा कपाच्या तळाशी चाळीस अनोळखी माणसांची थुंकी आणि डिंक सुटून पाणी बुळबुळीत झालेलं असे. मी तो कप उकळत्या पाण्यात तीनतीनदा घालायचे.

"डिंक आहे, विष नाही," तो म्हणायचा.

प्रत्येक कार्ड ताईला पाच मिनिटं मिळे. "कडेनं धर. बोटांचं तेल लागतं." ती चित्र बघायची आणि मग उलटायची. दरवेळी उलटायची. मागे कोरं.

"काहीच लिहीत नाहीत?"

"लोकांना वेळ कुठे असतो," दादा कार्ड परत घेत म्हणायचा.

दुसऱ्या महिन्यात एका दुपारी ती मला म्हणाली, "चिंगे, ही माणसं भिकारणीच्या ताटलीत टाकावं तसं कार्ड टाकून जातात बघ. एक शब्द टाकायला काय जातं गं?" मग थोड्या वेळाने, "आणि काही कार्डांची मागची बाजू खरखरीत का लागते? त्या पुलाच्या कार्डाची लागली. कालच्याची पण."

मी दादाला विचारलं. "जुना कागद," तो म्हणाला.

त्यानंतर ताईने कार्डं बघायची सोडली. आणून दाखवली तर डोळे मिटून घ्यायची. हळूहळू जेवण सोडलं. दोन घास झाले की मान फिरवायची. एक दिवस तिचं अंग पुसताना माझा हात सहज प्लॅस्टरच्या आत गेला, मनगटापर्यंत. पूर्वी तिथे बोट शिरत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हाड भरणार नाही, आणि अशा अंगावर मी नवं प्लॅस्टर घालणार नाही. आई देवापुढे बसली. दादा म्हणाला, "हवापालट हवा," आणि अल्बमचं पान उलटलं.

मग तो रविवार. आई शेजारी गेली होती. मी बाहेरच्या खोलीत आले तर दादा टेबलावर वाकून बसलेला, हातात अर्धं ब्लेड. नकाशावर रेघ चुकली की ती शाई ब्लेडने अलगद खरवडून काढायची, ही त्यांची धंद्यातली पद्धत. त्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. पण समोर नकाशा नव्हता. एका रेल्वे स्थानकाचं कार्ड पालथं पडलं होतं. त्यावर निळ्या शाईत, लहान मुलांच्या पाटीवर काढतात तेवढाली मोठी अक्षरं होती. दादा शेवटून सुरुवात करून वर वर येत होता. तो खरवडायचा, फुंकर मारायचा, जिभेने बोट ओलं करून तो भाग घासायचा आणि पुन्हा खरवडायचा. त्याच्या ओठाला निळी भुकटी लागली होती.

"काय करतोयस?"

"बाईनं कार्ड खराब केलंय. वाचता येत नाही का लोकांना? स्वच्छ लिहिलंय, कोरं ठेवा."

"हे कितवं?"

"सात-आठ असतील असली मूर्ख." त्याने पुन्हा फुंकर मारली. भुकटी माझ्या हातावर पडली. मला वाटलं, मी तिथेच ओकणार. मी कार्ड उचललं. "कडेनं धर!" तो म्हणाला. मी ते मुठीत धरलं, कचऱ्याच्या टोपलीतून त्याचं पाकीट काढलं आणि आत जाऊन दाराला कडी घातली.

"ताई, डोळे उघड. मागे लिहिलंय."

तिने कार्ड हातात घेतलं. शिल्लक मजकूर एवढाच होता:

"वाचायला त्रास होतो ना, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिते. मी कारखान्यात शर्टांना बटणं लावते. काल एका शर्टाला सहाऐवजी सात बटणं लावली. अजून कोणाला"

पुढे पांढरं, खरखरीत.

"कोणाला काय?" ताई म्हणाली.

"दादानं खरवडलं."

"आणि मला वाचायचा त्रास कधीपासून?"

मग मी सगळं सांगितलं. यादी पाठच होती, ती तिला म्हणून दाखवली, तिच्या डोळ्यांकडे न बघता. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती पहिल्यांदा हसली. "सोनेरी कडेची! अगं, मरणाऱ्या राणीसारखी मागते की मी!" मग तिचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं. "शी. माझं दुखणं पुढे करून वाडगा फिरवला. आणि अक्षर तुझं."

"माझं."

"बरं. आता त्याच अक्षरात लिही. आणि आधी खायला दे काहीतरी. त्या कपात नको."

दादा दार ठोठावत होता. ताईसाठी पाव आणि दूध आणायला मी दार उघडलं, त्याच्या बाजूने गेले आणि आले. तो "अगं, तिला त्रास होईल" म्हणत उभा राहिला. ताईने सबंध पाव खाल्ला. मग एक पत्र त्या बटणवालीला गेलं, पाकिटावरच्या पत्त्यावर. त्यात एकच प्रश्न: अजून कोणाला काय? आणि मंडळाला नवा मजकूर गेला. खाली ताईने पडल्यापडल्या स्वतः सही केली.

"आधी माझ्या नावाने छापलेले रद्द समजावे. मी आडवी आहे, पण डोळे शाबूत आहेत. आवड: तुमच्या खिडकीतून आत्ता जे दिसते ते लिहा. चित्र नसले तरी चालेल. फाटके, मळके, चहा सांडलेले चालेल. प्राण्यांची पिल्ले अवश्य. कोणाची चहाडी करायची असेल तर मोकळेपणी करा. मी उठून कोणाला सांगायला जाऊ शकत नाही. नावड: लवकर बरी हो, असे लिहू नका. कोरे कार्ड पाठवू नका."

ती पत्रिका आली त्या संध्याकाळी दादा उंबऱ्यातच उभा राहून वाचू लागला आणि लालबुंद झाला.

"चहा सांडलेलं चालेल? मंडळात माझं नाक कापलंस!"

"तुझं नाक माझ्या दुधाच्या कपात भिजत पडलंय," ताई आतून म्हणाली. "चिमट्यानं काढून घे."

"अगं, तो तुझ्यासाठीच धडपडत होता ना," आई मध्ये पडली. "भावानं एवढं केलं—"

"आई, माझ्या नावानं आलेलं माझं. कपासकट."

दादाने दुसऱ्या दिवशी अल्बम उचलून कचेरीत नेले. मी रडत नव्हते, त्याच्या टेबलाखाली साचलेली भुकटी झाडत होते. निळी, काळी, जांभळी. सात-आठ माणसांचं बोलणं एका सुपलीत मावलं.

बटणवालीचं उत्तर त्याआधीच आलं होतं. तिचं अक्षर आता साधं, बारीक होतं. "अजून कोणाला कळलं नाही, तुम्हालाच सांगते आहे, असं लिहिलं होतं. तो शर्ट घालणारा माणूस सातवं बटण कुठे लावत असेल, या विचाराने मी दिवसभर हसते." ताईने ते कार्ड उशीखाली ठेवलं. मग इतर येऊ लागली. कार्डं कमी आली, आधीच्या निम्मीसुद्धा नाहीत, पण एकही कोरं नव्हतं. कोणाच्या खिडकीतून मांजर दिसत होती, कोणाच्या खिडकीतून घटस्फोट. ताई जेवता जेवता वाचायची आणि ताट पुसून खायची. पुढच्या वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांनी प्लॅस्टर ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "घट्ट होतंय. मोठं घालावं लागेल."

पुढे काय झालं ते सांगते. आई एकोणऐंशी साली गेली. शेवटपर्यंत तिचं म्हणणं, दोघांचंही बरोबर होतं. बटणवाली नऊ वर्षं लिहीत होती. मग तिचा कारखाना बंद पडला, ती मुलीकडे गेली आणि पत्ता हरवला. तिला आम्ही कधी पाहिलं नाही. ताई उठली. कमरेला पट्टा बांधून एक्स्चेंजमध्ये परत गेली, यंत्रांनी ऑपरेटर घालवले तोवर लाइनी जोडत राहिली आणि दोन हजार तीन साली झोपेत गेली. तिची कार्डं माझ्याकडे आहेत, चहाच्या डागांसकट. मी टायपिस्ट झाले. मोत्यासारख्या अक्षराचं कोणी कौतुक केलं की अजून मला ओशाळल्यासारखं होतं.

दादाला त्या वर्षीच्या प्रदर्शनात दुसरं बक्षीस मिळालं. अल्बमच्या पहिल्या पानावर त्याने सुबक अक्षरात लिहिलं होतं, "माझ्या रुग्ण भगिनीस सप्रेम अर्पण." मी ते पान वाचून प्रदर्शनातून बाहेर आले आणि कोपऱ्यावर खरोखरच ओकले.

म्हातारपणी त्याच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं आणि तो मुलाच्या घरी आतल्या खोलीत पडून राहिला. मी भेटायला गेले नाही. एक कार्ड पाठवलं, सोनेरी कडेचं, पाकिटात घालून, मागची बाजू कोरी. आठवड्याने सुनेचा फोन आला. "आत्या, तुमचं कार्ड मिळालं. बाबा ते सारखं उलटंपालटं करतात. तुम्ही काही लिहायचं विसरलात का?"

"नाही," मी म्हणाले, फोन ठेवला आणि हात धुतले. पुन्हा धुतले. ती भुकटी या वेळी माझ्या हातांना होती.

मग मी दुसरं कार्ड काढलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "समोरच्या घराच्या छपरावर एक माणूस टाकी धुतो आहे. एक बूट खाली पडला. अजून कोणाला दिसला नाही." ते पोचलं तेव्हा दादा होता की नाही, हे मी सुनेला कधी विचारलं नाही.