पन्नास जणांची जागा

"होडी आली, होडी आली" असा गलका गच्चीवरून खाली आला तेव्हा कुमुदिनीबाई चहाचं आधण टाकत होत्या. गॅस बंद करून, पदर खोचून त्या जिन्याकडे धावल्या. बासष्टाव्या वर्षी बाई धावताहेत हे पाहून शेजारच्या अक्षदाला हसू आलं, पण तीही मोबाइल सरसावून मागोमाग निघाली.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली ही सरितासंगम सोसायटी. बिल्डरने नाव ठेवलं तेव्हा इथून नदी दिसतही नव्हती. आज ती स्वतःच भेटायला आली होती. पार्किंगमध्ये कमरेइतकं पाणी, स्कूटरचे आरसे तेवढे वर, आणि जिन्याच्या चार पायऱ्या बुडालेल्या. वीज गेलेली, कामाला सगळ्यांचीच दांडी, त्यामुळे लोकांच्या अंगात जत्रा संचारली होती. कुमुदिनीबाईंच्याही. सरकारी कचेरीत त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली, पुराच्या याद्या लिहिल्या, पण पूर असा दारात आलेला कधी पाहिला नव्हता.

होडी फाटकातून थेट पार्किंगमध्ये शिरली. वल्हं बुधाजीच्या हातात होतं. बुधाजी इथला मूळचा शेतकरी. ही इमारत उभी आहे त्या जमिनीत पूर्वी त्याचा भात व्हायचा. होडीत दहा-अकरा माणसं, बायका, पोरं, डोक्यावर बोचकी. मांजर्लीला नदीकाठी नवा टॉवर उठत होता, तिथल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या सकाळी पाण्याखाली गेल्या होत्या. वरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पण होडी जिन्याला लागली आणि माणसं इथेच उतरू पाहताहेत असं दिसल्यावर टाळ्या थांबल्या.

चेअरमन विक्रांत खालच्या पायरीवर आडवा उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. गणपतीत सगळ्यांच्या आधी झाडू हातात घेणारा. त्याने बुधाजीला होडी शाळेकडे न्यायला सांगितली.

"शालेत छातीएवरा पानी हाय," बुधाजी म्हणाला.

तेवढ्यात होडीतल्या एका बाईने रडणाऱ्या मुलीला काहीतरी बोलून गप्प केलं. ती भाषा विक्रांतला कळली नाही, आणि न कळलेल्या गोष्टीचीच माणसाला भीती फार.

"हे कुठले आहेत? इकडचे वाटत नाहीत," तो मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "टीव्हीवर बघत नाही का, बाहेरच्या देशांत काय चाललंय? बोटी भरभरून येतात, आणि एकदा घुसले की निघायचं नाव नाही. आधी पेपर दाखवायला सांग यांना, बुधाजी."

होडीतल्या त्या बाईने डोक्यावरची प्लास्टिकची पिशवी पुढे केली. आपण मालद्याचे, म्हणजे याच देशातले आहोत, सगळे कागद आहेत, असं ती हिंदीत सांगत होती. पण पिशवीत पाणी शिरून कागद एकमेकांना चिकटले होते.

"कागद सुकल्याव बग. पोरां भिजलीन," बुधाजी म्हणाला. "आन मी काय माजे मनान नाय आनली यांना. यादीत तुमचे बिल्डिंगचा नाव हाय."

मदतकार्यावरच्या सरकारी साहेबाने दिलेला कागद त्याने बंडीतून काढला. पूरनिवाऱ्यांची यादी. चौदावं नाव सरितासंगमचं होतं, आणि पुढे लिहिलं होतं, हॉल, पन्नास जणांची जागा.

"आपलं नाव कोणी घातलं यात?" विक्रांतचा आवाज चढला. जिन्यात कुजबूज सुरू झाली, आणि कुमुदिनीबाई एक पायरी मागे सरकल्या.

कारण नाव त्यांनीच घातलं होतं. आठ वर्षांपूर्वी जूनच्या एका दुपारी कचेरीतल्या साहेबांना चौदा निवारे हवे होते आणि हाताशी होते तेरा. नेमकं त्याच सकाळी बाईंच्या इथल्या घराचं रजिस्ट्रेशन झालं होतं. पूर्वी, नवरा गेल्यावर, छोट्या मुलाला, सम्यकला, कडेवर घेऊन त्यांनी बदलापुरात खोली शोधली होती. लोक आधी बसायला सांगत, मग आडनाव विचारत, आणि आडनाव कळलं की जागा कालच गेलेली असे. ओळीने सात घरी त्यांनी हे ऐकलं होतं. त्यामुळे त्या दुपारी आनंद अंगात मावत नव्हता. त्यांनी वळणदार अक्षरात सरितासंगमचं नाव लिहिलं, आणि किती जणांना जागा या रकान्यात बेधडक पन्नास लिहिले. तेव्हा इमारतीचे नुसते खांब उभे होते.

पुढच्या वर्षी खोडू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण कचेरीत नवी यादी कोण करतो? 'मागीलप्रमाणे' असा शेरा पडतो आणि तीच यादी पुन्हा टाइप होते. निवृत्त होईपर्यंत तो शेरा त्यांनी स्वतःच मारला होता.

आता त्या सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या. हॉलची किल्ली त्यांच्या कमरेला. आडनाव माहीत असूनही लोक त्यांना ताई म्हणत, लग्नपत्रिकांवर नावं त्यांच्याकडून लिहून घेत. यादीवर सही साहेबांची होती. गप्प राहिलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"मी घातलं," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

विक्रांत त्यांच्याकडे वळला. ओरडला असता तर बरं झालं असतं, पण त्याचा आवाज उलट खाली आला. सोसायटीला न विचारता तुम्ही हे केलंत का, एवढंच त्याने विचारलं. तेव्हा सोसायटी नव्हती, असं त्या म्हणाल्या. ते खरं होतं, पण कुणाला पटलं नाही. सभा बोलावू, राजीनामा लिहून ठेवा आणि किल्ली आत्ता माझ्याकडे द्या, विक्रांत म्हणाला.

"देते," बाई म्हणाल्या. "दार उघडून मग देते."

आणि त्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलकडे निघाल्या. भीती होती तशी एक मजाही वाटत होती, इतक्या वर्षांत कचेरीत कधी वाटली नव्हती तशी. खाली बुधाजीने "धर" म्हणून एक ओलंचिंब पोर वर केलं. समोर विक्रांतच होता. धरायचं की नाही हे ठरायच्या आत पोर त्याच्या खांद्यावर होतं, आणि पोर घेऊन वाट अडवता येत नाही.

मग एकच धांदल उडाली. दुपारपर्यंत बुधाजीने आणखी चार खेपा केल्या. कुणी चादरी आणल्या, कुणी मुलांचे लहान झालेले कपडे. अक्षदाने मोबाइल ठेवून चहाची केटली उचलली. मघाशी कुजबुजणाऱ्या बायका आता दूध कमी पडेल म्हणून एकमेकींवर डाफरत होत्या. विक्रांत पोरांना बिस्किटं वाटत होता.

कुमुदिनीबाईंशी मात्र कोणी बोललं नाही. त्यांनी किल्ली विक्रांतच्या हातात ठेवली, ती त्याने वर न बघता खिशात टाकली. "आपलं मानलं, त्याचं हे फळ," असं एकजण जाताना म्हणाली. अक्षदा केटली घेऊन जवळून गेली ती खाली बघत. बाईंना सकाळचा चहाही मिळाला नव्हता. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. आत जावं की आपल्या घरी जावं, त्यांना समजेना.

सतरंजीच्या कडेला ती मालद्याची बाई बसली होती. मोनीरा तिचं नाव. मांडीवर झोपलेली मुलगी तिने अलगद उचलून पलीकडे सरकवली, मोकळ्या झालेल्या सतरंजीवरून हात फिरवला आणि दाराकडे पाहिलं.

"दीदी, खडी क्यूँ हो? इधर आ जाओ, जगह है."

कुमुदिनीबाईंनी हॉलभर नजर फिरवली आणि जुन्या सवयीने माणसं मोजली. एकोणपन्नास भरली. चपला दाराबाहेर नीट काढून ठेवून त्या आत गेल्या आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या.