चार स्क्रूंचं काम

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो, आणि मी रागात आहे. जुन्या वस्तू आपली हकीकत सांगताना सहसा उसासे टाकतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. काय घडलं ते सरळ सांगते. राग कुणावर, ते तुम्हाला कळेलच.

तो शुक्रवार होता, रोजच्यासारखाच. बाईंनी साडेनऊला कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या आणि परत आल्या. पडद्यावर नुसतं वर्तुळ फिरत होतं.

"फिर बाई, फिर," त्या म्हणाल्या. "तुझं चालू दे. मी आपले उशांचे अभ्रे बदलते."

अकराव्या मिनिटाला मी तयार झाले. बाईंनी खुर्ची ओढली, एक साधी मजकुराची फाईल उघडली आणि लिहिलं, 'शुक्रवार. ११ मिनिटे. तेवढ्यात कपडे, अभ्रे.' मग कामाला लागल्या. काम म्हणजे टायपिंग. लोकांचे अर्ज, करारनामे, प्रबंध. सगळा मोहल्ला त्यांना टायपिंगबाई म्हणत असे. नवरा लवकर गेला. एकुलती एक लेक त्यांनी या दहा बोटांवर वाढवली.

दुपारी त्याच लेकीचा फोन आला.

"आई, परवा रविवारी येते. नक्की."

"मागच्या रविवारीही नक्कीच होतं."

"काम निघालं गं."

"असू दे. तुझी ती नवी डिस्क कपाटावर बसून बसून म्हातारी व्हायला लागलीय, एवढंच म्हणते."

"येते म्हटलं ना. तोवर तू एक कर. जे लागत नाही ते काढून टाक. जितकं सामान कमी, तितकी कॉपी लवकर. मला संध्याकाळी परत निघायचंय. आणि कॉम्प्युटरमधली कचरापेटीही रिकामी कर, नाहीतर उपयोग नाही."

बाई आज्ञाधारकपणे काढायला बसल्या. पण काढणार काय? लोकांचे प्रबंध काढवेनात. कोण कधी मागायला येईल सांगता येत नाही. लेकीचे शाळेतले निबंध काढवेनात. दीड तास गेला. शेवटी त्यांनी ती सकाळचीच नोंदींची फाईल उघडली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि स्वतःशीच म्हणाल्या, "आता नवी बसतेच आहे. मग ही कटकट कशाला पोरीपुढे?" फाईल काढली. कचरापेटी रिकामी केली.

मित्रांनो, त्या फाईलने माझी जागा नखाएवढीही अडवली नव्हती.

शनिवारी सकाळी बाईंनी पुन्हा बटण दाबलं, वेळ बघितली आणि स्वयंपाकघरात गेल्या. अकराव्या मिनिटाला मी तयार झाले. समोर खुर्ची रिकामी होती. दुपारी शेजारणीने दाराचं कुलूप तोडून घेतलं, तेव्हाही मी चालूच होते.

आता थोडं माझ्याविषयी. माझा जन्म अशा कारखान्यात झाला, जिथे धुळीचा एक कण आत आला तरी काम थांबायचं. माणसं नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत, फक्त डोळे उघडे. माझ्या पोटात दोन तबकड्या आहेत, आरशासारख्या. त्या मिनिटाला सात हजार दोनशे वेळा फिरतात. त्यांच्यावरून एक बारीक हात सरकतो, वाचतो, लिहितो, पण टेकत मात्र नाही. टेकला की आम्ही संपलो. तेरा वर्षं मी तो हात टेकू दिला नाही.

मी त्या घरात आले तेव्हा लेक बारावीत होती. कॉम्प्युटर ती माझ्यावरच शिकली. पहिला प्रोग्रॅम तिने माझ्यावर लिहिला. तो असा काही चुकला की सगळंच अडकलं आणि बाईंची चार पानं गेली. बाईंनी खुर्ची ओढली. चार पानं पुन्हा टाइप केली. लेक मागे ओठ चावत उभी होती, तर तिला म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? बस, शोध कुठे चुकलं ते." त्या काळी बाई माझं कौतुक करत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमची डिस्क म्हणजे घड्याळ. कधी दगा देत नाही."

पुढे लेक दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. मोठमोठ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर अडले की तिला बोलावतात. दोन वर्षांपूर्वी तिने तिथूनच, घरबसल्या, आमच्या कॉम्प्युटरवर नवी प्रणाली चढवली. ती प्रणाली माझ्यासारख्यांसाठी बनलेलीच नव्हती. क्षणात शंभर गोष्टी मागायची, आणि माझा हात एक. पाच मिनिटांची अकरा मिनिटं झाली. ओझं तिने वाढवलं आणि फोनवर म्हणाली, "आई, तुझी डिस्क मंद आहे."

माझा पहिला राग तो. पण तो किरकोळ आहे.

त्यानंतर ती एकदा आली. येताना नवी डिस्क घेऊन आली. हिच्या पोटात काही फिरत नाही, तबकडी नाही, हात नाही, म्हणून ही झटपट. मला तिचा हेवा नाही. तिचा काय दोष? लेकीने ती खोक्यासकट कपाटावर ठेवली. "आज वेळ नाही. पुढच्या खेपेला बसवते. आणि बाहेरच्या कुणाला हात लावू देऊ नकोस, काहीतरी बिघडवून ठेवतील." बाईंनी विचारलं, "तोवर काय करू? फारच वेळ लागतो गं." लेक दारात चपला घालत होती. म्हणाली, "नुसतं वेळ लागतो म्हणू नये. रोज किती मिनिटं लागतात ते लिहून ठेव. मग बघू."

तिने ते तोंडाला आलं म्हणून म्हटलं. बाईंनी ते चौदा महिने केलं. चौदा महिने, मित्रांनो. आणि ते खोकं कपाटावरून हललं नाही.

बाई गेल्यानंतर सोळा दिवसांनी लेक घर आवरायला आली. एका निवृत्त शिक्षकाचं अर्धं पुस्तक माझ्याकडे होतं, ते तो मागत होता. तिने बटण दाबलं. तेव्हा मी घाबरले. का, ते समजून घ्या. फाईल काढली म्हणजे ती जळून जात नाही. दारावरची पाटी तेवढी निघते. खोलीतलं सामान तसंच राहतं. पण पाटी नसलेली खोली रिकामीच धरली जाते आणि पुढे जे काही लिहायचं असतं ते तिथे टाकलं जातं. कुठे काय टाकायचं, हे माझ्या हातात नसतं. मी जितकी चालू राहणार, तितक्या बाईंच्या नोंदी पुसल्या जाणार.

आईने नोंदी काढून टाकल्यात हे तिला कुठून माहीत असणार? ती वर्तुळाकडे बघत बसली. तिसऱ्या मिनिटाला पाय हलवू लागली. सातव्या मिनिटाला तिने टेबलावर मूठ आपटली. "हो ना लवकर. मंद कुठली." नवव्या मिनिटाला उठून तिने ते खोकं काढलं, त्यावरची धूळ हाताने पुसली आणि पेचकस शोधायला लागली.

पुस्तक शिक्षकाला पाठवून झाल्यावर तिने मशीन बंद केलं आणि कॅबिनेटचं झाकण उघडलं. चार स्क्रू, दोन वायरी. नवी डिस्क माझ्याशेजारी जोडली आणि कॉपी लावून दिली. यादीत होतं तेवढं सगळं मी नवीला दिलं. नोंदी यादीत नव्हत्या. दोन तास लेक आईच्या खुर्चीत हालचाल न करता बसून होती.

मग मला काढून तिने बटण दाबलं. वीस सेकंद. तिने बंद केलं, पुन्हा चालू केलं. वीस सेकंद. पाच-सहा वेळा तेच. शेवटच्या खेपेला तिने मशीनचा प्लगच खेचून काढला, मला पिशवीत टाकलं आणि तडक रस्ता ओलांडला.

रस्त्यापलीकडे फुंकरकाकांचं दुकान आहे. काहीही दुरुस्तीला आलं की ते आधी फुंकर मारून धूळ उडवतात, म्हणून ते नाव. दर महिन्याला बाईंकडे येऊन ते आमच्या कॉम्प्युटरच्या पंख्यावरची धूळ काढत.

"काका, हिला आरपार भोक पाडून द्या," लेकीने मला काउंटरवर ठेवलं. "लोकांचे कागद आहेत आत. भंगारात अशी जायला नको."

"बसवलीस होय नवी?"

"हो."

"किती वेळ लागला?"

ती म्हणाली, "पंचवीस मिनिटं. कॉपीला दोन तास."

काकांनी मला शिकंज्यात आवळलं आणि ड्रिलची वायर लावली. "बाईंच्या नोंदी घेतल्यास ना नवीवर?"

"कसल्या नोंदी?"

"रोज किती मिनिटं लागतात त्या. तूच लिहायला सांगितलं होतंस म्हणे. मी गेलो की वाचून दाखवायच्या. हसायचो आम्ही."

"मी असं काही..." तिचं वाक्य तिथेच राहिलं. दारातल्या चपला तिला आठवल्या असाव्यात. "नाहीयेत. कॉपी होताना मी एक-एक फाईल बघितली."

"नीट बघ."

"माझं हेच काम आहे, काका. नाहीयेत म्हणजे नाहीयेत." तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही काय करत होता? समोर राहता. चार स्क्रूंचं काम. म्हातारी बाई रोज अकरा मिनिटं ताटकळते हे दिसत होतं ना? का नाही बसवून दिलीत?"

काकांनी ड्रिल खाली ठेवलं. चष्मा काढला, काचांवर फुंकर मारली, पुन्हा लावला.

"विचारलं नाही असं वाटतं तुला? दर महिन्याला विचारलं. म्हटलं, बाई, सकाळी द्या, संध्याकाळी न्या. लेकीला मी समजावतो. तर म्हणाल्या, 'तुम्ही कराल हो. पण तिने बसवली तर कॉपी होईपर्यंत दोन तास तिला उठता यायचं नाही.'"

लेकीने शिकंज्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "सोडवा तिला. काढलेलं परत शोधायचा प्रोग्रॅम आहे ना तुमच्याकडे? लावा. हिच्यावर काही लिहू देऊ नका, फक्त वाचा."

काम तिला येत होतं, हे मी कधी नाकारलं नाही.

काकांनी मला त्यांच्या मशीनला जोडलं. मित्रांनो, तेरा वर्षांत मी इतकं जपून वाचलं नव्हतं. ज्या तबकड्यांमुळे मला मंद म्हटलं गेलं, त्यांच्यावरचा कण न् कण मी चाचपला. चौदा महिन्यांतले साधारण आठ सापडले. बाकीच्यावर त्या शनिवारी आणि सोळाव्या दिवशी काय-काय लिहिलं गेलं होतं.

ओळी पडद्यावर आल्या. लेक वाचू लागली.

'सोमवार. ११ मिनिटे. तेवढ्यात खिडकीच्या काचा पुसल्या.'

'बुधवार. ९ मिनिटे. आज बरी चालली. उगाच तक्रार केली असं वाटलं.'

'शनिवार. १२ मिनिटे. तेवढ्यात लेकीला फोन. कामात होती.'

'रविवार. १२ मिनिटे. आली नाही. काम निघालं. जेवण शेजारी दिलं.'

'मंगळवार. ११ मिनिटे. तेवढ्यात काही केलं नाही, बसून राहिले. डावा हात जड वाटतो.'

'गुरुवार. १० मिनिटे. डाव्या बोटांनी चुका होतात. यात डिस्कचा दोष नाही. रविवारी ती आली की सांगेन.'

'रविवार. ११ मिनिटे. काम निघालं.'

मला वाटलं होतं, हे वाचून ती कोसळली की माझा राग शांत होईल. तो झाला नाही. मी तिला क्षमा केली असंही म्हणणार नाही. ते माझ्या अखत्यारीतलं नाही. तुम्हाला मात्र सांगते, मित्रांनो. आम्हा यंत्रांना हवं तर मंद म्हणा, बदला, भोकं पाडा. पण घरातलं कुणी एखाद्या लहानशा कामासाठी तुमचीच वाट बघत असेल, तर ते काम आजच जाऊन करा. आणि झाल्यावर लगेच उठू नका.

काका पाठ फिरवून उगाचच एका पंख्यावरची धूळ झाडत होते. लेकीने शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग पडद्याकडे बघत, शेजारी कुणी बसलं असावं अशा आवाजात, ती बोलली.

"काम नव्हतं, आई. एकाही रविवारी नव्हतं. मी घरीच असायचे. मला तुझ्याकडे यायचा कंटाळा यायचा."