पिठासारखं वावर

भागवतरावांनी पलटी नांगर घेतला, ही बातमी पंजाबरावांना जेवताना कळली आणि हातातला भाकरीचा तुकडा त्यांनी तसाच ताटात ठेवला.

भागवतराव म्हणजे त्यांचे साडू, जनकाबाईंची धाकटी बहीण रेणुका हिचे यजमान. वर्षानुवर्षं त्यांनी शेगावात लॉज चालवला आणि आता अमडापूरच्या शिवारात जमीन घेऊन ते शेतकरी झाले होते. परवापरवापर्यंत या माणसाला वखर कोणता न् डवरा कोणता हे कळत नव्हतं. त्याच्या दारात ट्रॅक्टर आला, मग पेरणीयंत्र आलं, आणि आता हा नांगर. पंजाबरावांचा सारा जन्म मातीत गेला, तरी त्यांच्या वावरात अजून भाड्याचाच ट्रॅक्टर येत होता.

पाडव्याला साडूकडे जावंच लागलं. जेवणं उरकताच भागवतराव हौसेनं सगळ्यांना वावरात घेऊन गेले. नांगराचे फाळ हातभर खोल जात होते. झोपलेलं माणूस कूस बदलतं तशी काळी माती उलटत होती आणि कुंद्याची पांढरी मुळं उन्हाला उघडी पडत होती. कुंदा हे गवतच असं, की वरून कितीही कापा, खालच्या मुळातून पुन्हा फुटतं. उन्हाळ्याच्या तापात ती मुळं वाळली तरच मरतं.

“भाऊ, तुमच्याकडंही कुंदा असंन न?” भागवतरावांनी विचारलं. “माहं झालं की नांगर घेऊन येतो. भाडं गिडं काही नाई.”

पंजाबराव नांगरानं पाडलेल्या त्या सरळ, खोल तासाकडे बघत होते. असं तास आपल्या हातून कधी निघालं नाही, हे त्यांना कबूल करवत नव्हतं.

“माह्या वावरात कुठचा कुंदा?” ते म्हणाले.

जनकाबाईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं, पण बहिणीसमोर त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र बोलल्या. “अवो, आपल्या वावरात कुंद्याशिवाय दुसरं हाय काय? औंदा निघाला नाई तं सोयाबीन कशात पेरता? माणूस आपल्या तोंडानं देऊन राह्यला, तं नाई काऊन म्हणलं?”

“मले त्याच्या नांगराची गरज नाई.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी गावातल्या हरिओमला माती बारीक करणारा रोटाव्हेटर घेऊन बोलावलं. हरिओमनं वावराच्या कडेला, धुऱ्यावरच ट्रॅक्टर थांबवला. “काका, कुंदा लय हाय इथं. रोट्यानं मुळाचे तुकडे होतीन, अन् प्रत्येक तुकडा फुटंन. याले नांगरच पाह्यजे.”

“तू मले शेती शिकवतं का बे? चालव.”

हरिओमनं खांदे उडवले आणि रोटा खाली सोडला. त्याचं खरं होतं, हे पंजाबरावांना माहीत होतं. पण नांगरानं डोक्याएवढी ढेकळं निघाली असती. त्यांना वावर पिठासारखं मऊ दिसायला हवं होतं, आणि साडूनं ते बघायला हवं होतं.

वावर दिसलंही तसंच. भागवतराव आले, त्यांनी मूठभर माती उचलली आणि बोटांतून सोडली. “हे तं पीठ हाय, भाऊ! तुमच्याकडं कुंदा नव्हता मनता, पण त्या लिंबाखाली तं मी मांगच्या साली पाह्यला होता.”

“होता थोडासा. रोटा मारला, गेला.”

भागवतरावांनी पुन्हा वाकून आणखी एक मूठ माती उचलली. ते पाहून पंजाबरावांना इतकं बरं वाटलं, की संध्याकाळी त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

मग एका दुपारी अवकाळीचा सडाका येऊन गेला. ओल जिरून वाफसा झाला आणि एका सकाळी वावरभर सुयांसारखे कोंब वर आले. आधी कुंद्याची बेटं होती, मध्ये मोकळी जागा तरी होती. आता पाय ठेवायला जागा उरली नाही.

“पेरलं तं एवढं दाट उगवत नाई,” जनकाबाई म्हणाल्या. “खत टाकता का आता?”

त्याच सकाळी भागवतरावांचा फोन आला. “भाऊ, हरिओमले बोलावलं. नाल्याकाठचा कुंद्याचा तुकडा राह्यला, तिथं रोटाच मारतो. येऊनच राह्यला तो.”

“अन् नांगर?”

“राहू द्या तो नांगर. खरं सांगू? तुमचं वावर पाह्यलं तवापासून पोटात जळून राह्यलं माह्या. एवढ्या मशिनी घेतल्या, पण तसं वावर काही मले जमलं नाई.”

पंजाबरावांनी फोन कानाशी घट्ट धरला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्यावर जळत होतं. नुसतं ‘बरं’ म्हटलं की झालं. साडूचं वावर कुंद्यानं भरलं असतं. आणि खरं सांगितलं, तर हे जळणं आजच विझणार होतं. त्यांनी ‘बरं’ म्हणायला तोंड उघडलं.

“तुम्ही सांगतलं मनून डोळे मिटून करून राह्यलो, बरं का,” भागवतराव हसत म्हणाले.

“थांबवा त्याले!” पंजाबराव एवढ्या जोरात ओरडले, की गहू निवडणाऱ्या जनकाबाईंचा हात सुपातच राहिला. “रोटा वापस पाठवा. अन् माह्या वावरात येऊन पाहा, मंग समजंन.”

भागवतराव मोटारसायकलनं आले. धुऱ्यावर उभे राहून त्यांनी त्या हिरव्या कोंबांकडे पाहिलं, मग पंजाबरावांकडे, आणि खाली बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. पंजाबराव हसले नाहीत.

“नांगर आणतो,” डोळे पुसत भागवतराव म्हणाले. “पहिले इथं, मंग नाल्याकाठी.”

“पहिले तुमचं करा. अन् इथं डिझेल माहं राहीन.”

“बरं. पण वाचवलं भाऊ तुम्ही मले.”

मोटारसायकल दिसेनाशी होईपर्यंत पंजाबराव रस्त्याकडे बघत राहिले. नाल्याकाठची ती काळीभोर माती उलटलेली त्यांना डोळ्यांसमोर दिसत होती.

“त्याचं वावर औंदा झकास होते, पाह्यजो,” ते जनकाबाईंना म्हणाले. “माह्या सांगण्यानं होते, अन् नाव त्याचं होईन.”

“अन् आपलं वावर?” जनकाबाईंनी विचारलं.

पंजाबराव अजून रस्त्याकडेच बघत होते.