सात नंबरची रेखा

शनिवारी दुपारी रेखाचा फोन आला तेव्हा देशपांडे नगरातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात यमुना पेशंटांची नावं पुकारत बसली होती. हेच तिचं काम. सकाळपासून लोकांची नावं मोठ्यानं घ्यायची आणि एकेकाला आत सोडायचं.

"अक्का, क्लबातला तो फोटो काढायला सांग की," रेखा म्हणाली. "उद्या जयतीर्थ सरांच्या स्पर्धेच्या उद्घाटनाला आमच्या ऑफिसातले साहेब यायचे आहेत. मीपण आहे स्टेजवर. त्यांनी फोटो बघितला तर?"

"तूच सांग की सरांना."

"सर तुझं ऐकतात."

सर आपलं ऐकतात ही बातमी यमुनाला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होती. आजवर तिनंच सरांचं ऐकलं होतं, आणि त्याची फळं घेऊन ती इथे बसली होती.

"नाही सांगणार," असं म्हणून तिनं फोन ठेवला. मग डॉक्टरांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि धारवाडला जाणारी 'चिगरी' नावाची जलद बस धरली. फोटो काढायला नाही, तो कुणी काढू नये म्हणून. त्या एका फोटोखेरीज ती कधी खेळली होती याचा जगात कुठेही पुरावा उरला नव्हता.

बाबाजी अळणावर गावातल्या लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचा. त्याच्या दोन मुली, यमुना मोठी आणि रेखा दीड वर्षानं धाकटी. तेव्हा तोंडावळा इतका सारखा की वखारीतली माणसं यमुनाला रेखा म्हणून हाका मारायची. यमुना शिकायला म्हणून मावशीकडे धारवाडला आली आणि जयतीर्थ सरांच्या नजरेला पडली.

जयतीर्थ सर वाईट माणूस नव्हते, हीच तर खरी पंचाईत. वाईट असते तर मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. शाळेतला पगार घालून ते मुलींचा व्हॉलीबॉलचा क्लब चालवायचे, फाटकी जाळी स्वतः शिवायचे, मुलींचे खरचटलेले गुडघे स्वतः धुवायचे. यमुनाला त्यांनी लिफ्टर केलं. लिफ्टर म्हणजे चेंडू नेमका उचलून द्यायचा, आणि तो मारायचा दुसरीनं. टाळ्या मात्र मारणारीला. तेरा वर्षांच्या यमुनाला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरी तरी काय वेगळं होतं!

पहिली मोठी स्पर्धा आली आणि यमुनाचं वय चार महिन्यांनी जास्त भरलं. सरांनी बाबाजीला बोलावून घेतलं. "धाकटीचा जन्मदाखला घेऊन या. एवढ्या एका स्पर्धेपुरता." दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं बाबाजी दाखला घेऊन हजर. सर सांगतात म्हणजे बरोबरच असणार. संघातल्या निम्म्या मुलींचं वय असंच कुठून तरी उसनं आणलेलं होतं, त्यामुळे कुणी कुणाला विचारलं नाही. खाई त्याला खवखवे, मग बोलणार कोण?

हरल्या असत्या तर कागद फाडून मोकळं होता आलं असतं. पण कर्म, त्या जिंकल्या! राज्याच्या संघटनेनं जिंकलेल्या मुलींची नोंद करून घेतली आणि यमुनाच्या जागी 'रेखा' छापून आलं. पुढच्या वर्षीचा संघ त्याच नोंदीवरून निघाला, त्याच्या पुढचाही.

"आता बदललं तर तूपण जाशील आणि मीपण," सर म्हणाले. "नाव कानात बसव."

सुरुवातीला मैदानावर 'रेखा' अशी हाक आली की यमुना उशिरा वळायची. मग नाव कानात बसलं. नऊ वर्षं बसलं. तीनदा ती राज्याची कप्तान झाली, दोनदा राष्ट्रीय सुवर्णपदक गळ्यात पडलं. पेपरात रेखाचं नाव यायचं आणि बाबाजी तो पेपर वखारभर दाखवत फिरायचा. 'माझी पोरगी' म्हणायचा. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग खेळाडूंच्या कोट्यातून एका सरकारी खात्याची भरती निघाली. चाचणीत यमुना पहिली आली. रेखाच्याच नावानं कामावर रुजू व्हायचं, जन्म काढायचा, असं तिनं, सरांनी, बाबाजीनं, सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. कागदपत्रं तपासून घ्यायला टेबलासमोर उभी राहिली तर तिथे डबीएवढं एक यंत्र. त्यावर अंगठा ठेवायचा, आधार कार्डाशी जुळवायला.

दाखला उसना मिळतो, अंगठा मिळत नाही, हे इतक्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

टेबलामागचा कारकून भला होता. "मशीन घेत नाही हो तुमचा अंगठा," तो म्हणाला. "साबणानं हात धुऊन या."

यमुना बाहेर गेली. नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तशीच ओल्या हातांनी बसस्टँडवर गेली.

घरी बाबाजीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चालून आलेली नोकरी घराबाहेर घालवायची नाही. रेखाचा अंगठा आहे की."

रेखा ढसढसा रडली. "अक्का, मला चेंडू धरायलापण येत नाही गं."

"धरायचा नसतोच," यमुना म्हणाली. "धरला तर फाऊल."

कारकुनाला सांगायला निमित्त होतं, आईच्या आजारपणानं आठ दिवस उशीर झाला. या खेपेला यंत्रानं अंगठा घेतला. रेखा रुजू झाली, महिन्याभरात तिचा गुडघा दुखायला लागला, डॉक्टरची चिठ्ठी आली आणि तिला टेबलाचं काम मिळालं. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर हा नागोबा बिचारा रडत रडत बिळात शिरला होता.

पण रडणं वर्षभरात आटलं. एका लग्नात यमुनाच्या कानावर आलं, रेखा चार बायकांना फायनलचा शेवटचा गुण सांगत होती. समोरची उंच पोरगी कशी उडाली, चेंडू बोटांवर कसा जड लागला, सगळं. आणि सांगत होती फार चांगलं. पुष्कळदा सांगितल्याशिवाय इतकं चांगलं सांगता येत नाही. यमुना जेवणाच्या पंगतीतून तशीच उठली.

तिनं मुलींना शिकवायचं ठरवलं तेव्हा कोचच्या कोर्सला पदकांच्या प्रती मागितल्या. ती सरांकडे गेली. सर म्हणाले, "कागदावर तू आहेस कोण, यमुना?" चिडून नव्हे, अगदी मायेनं म्हणाले. त्यानंतर ती दवाखान्यात लागली.

ती क्लबात पोचली तेव्हा सर मैदानाच्या कडेला बॅनर बांधून घेत होते. बॅनरवर 'प्रमुख पाहुण्या' म्हणून रेखाचं नाव होतं.

"सर, फोटोला हात लावायचा नाही," यमुना म्हणाली. धापा टाकतच म्हणाली.

"कोण लावतंय?" सर हसले. "उलट मोठा करून आणलाय. ये की, बघ."

पत्र्याच्या खोलीत, जुन्या जागीच, नवी चकचकीत चौकट टांगलेली होती. तीच सात नंबरची जर्सी. तेच घासून पांढरे पडलेले गुडघ्याचे पट्टे, तोच डाव्या हातात धरलेला कप, फायनल संपल्यावर पाय थरथरत होते म्हणून एका बाजूला दिलेला तोच भार. आणि मानेवर रेखाचा चेहरा. भरल्या गालांचा, पावडर लावलेला, ओळखपत्रावर असतो तसा.

"सुभाष रोडच्या स्टुडिओत करून घेतला," सर म्हणाले. "जोड कुठं ओळखू येतो का सांग. रेखाची नोकरी राहिली, क्लबाचा फोटोपण राहिला. तुझ्याच घरचं भलं."

"जुना कुठाय?"

"जुना ठेवून धोका कशाला? फाडला."

यमुनाला वाटलं, चौकट उचलावी आणि दगडावर आपटावी. वाटलं, उद्या साहेबांसमोर उभं राहावं आणि एकच वाक्य बोलावं. पण त्या वाक्याचं पुढे काय होणार हे तिला पाठ होतं. खरं बोललं तर ती कप्तान ठरणार नव्हती. खोट्या नावानं नऊ वर्षं खेळलेली लबाड बाई ठरणार होती. रेखाची नोकरी जाणार, बाबाजी वखारीत मान खाली घालून फिरणार, सोबतच्या मुलींची पदकं काढून घेतली जाणार. जगात तिच्याजवळ एकच सत्य होतं आणि ते तिच्याच अंगावर येत होतं.

"नीट बघ," सर म्हणाले. "तुझी नजर बारीक. काही राहिलंय का?"

यमुनानं नीट बघितलं. राहिलं होतं. कपाभोवती धरलेल्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. एका सराव शिबिरात चेंडू लागून ती मोडली होती. सरांनीच आइस्क्रीमची काडी लावून चिकटपट्टीनं बांधली होती, आणि दुसऱ्या सकाळी त्याच हातानं तिला खेळायला उभं केलं होतं.

तिनं आपला हात वर केला आणि चौकटीच्या काचेशेजारी, सरांच्या तोंडासमोर धरला.

"करंगळी राहिली, सर."

हे बोट तरी ते ओळखतील, असं तिला वाटलं. स्वतःच्या हातानं बांधलेलं बोट होतं. आता तरी त्यांची नजर खाली जाईल.

सरांनी चष्मा लावला आणि वाकून फोटोकडे बघितलं. "अरे हो की! बरं झालं बाई सांगितलंस. रेखाची सरळ आहे, नाही का?" त्यांनी खिशातून फोन काढून स्टुडिओला लावला. "हां, जयतीर्थ बोलतोय. फोटो परत पाठवतो, संध्याकाळपर्यंत पाहिजे. एक बोट राहिलंय." मग फोनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "कुठला हात गं?"

यमुनाचा हात अजून त्यांच्या समोरच होता.

"डावा," ती म्हणाली.