रोज तीन फूट

शून्य

मधमाश्यांची पेटी हलवायची तर तीन फूट हलवा, नाहीतर तीन मैल. मधलं काही चालत नाही. माशी घर घरावरून ओळखत नाही, जागेवरून ओळखते. घर तीस पावलं लांब नेलंत तरी फुलांवरून ती परतणार जुन्याच जागी. तिथं घर नसलं की रिकाम्या हवेत घिरट्या घालणार आणि दमून पडणार.

हे मी भावजींना तीनदा सांगितलं होतं. भावजी म्हणजे माझे थोरले दीर. फर्निचरचा कारखाना, नवा टेम्पो आणि आवाज असा की शेजारच्या घरातली भांडी वाजावीत.

"माशीला एवढी अक्कल असती तर तिनं आपला मध दुसऱ्याला खाऊ दिला असता का?"

मी बाजारात गेलेली पाहून त्यांनी भर दुपारी दोन सुतारांकडून माझी सहा नंबरची पेटी उचलवली आणि अंगणाच्या टोकाला, मागच्या भिंतीशी टेकवली. मोकळ्या जागेत टेम्पो लावला.

मी आले तेव्हा टेम्पोचा आरसा दिसत नव्हता.

अजून शून्यच

आरशावर माश्यांचा घोस लोंबत होता. दाराच्या मुठीवर, काचेवर माश्याच माश्या. कामावर गेलेल्या सगळ्या परतल्या होत्या. भावजी खिडकीच्या जाळीमागे उभे होते, एक कान टोमॅटोएवढा.

"तुझ्या माश्या आवर!"

"माश्या घरीच आल्यात, भावजी. घर तुम्ही नेलंत."

त्यांच्या मागे जाऊबाई तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. खांदे हलत होते.

पेटी परत आणून टेम्पोच्या चाकाशी ठेवली. दिवे लागेपर्यंत सगळ्या आत गेल्या. सगळ्या म्हणजे उरलेल्या. पडलेल्या मी झाडूनं गोळा केल्या. सूपभर होत्या.

"सहाच्या सहा पेट्या मागं गेल्या पाहिजेत," भावजी कानाला बर्फ लावत म्हणाले. "मला टेम्पोला जागा हवी."

फुलोरा नुकता सुरू झाला होता. वर्षातला एकच मोठा. या दिवसांत माश्या मोडल्या तर मध जातोच, पुढच्या वर्षीच्या माश्याही जातात.

"नेते," मी म्हणाले. "रोज तीन फूट."

"अंगण नव्वद फुटांचं आहे!"

"मग तीस दिवस. आणि ज्या दिवशी माश्या उडणार नाहीत तो दिवस धरायचा नाही. त्यांनी नवी जागा बघितल्याशिवाय पुढचे तीन फूट नाहीत."

भावजींनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"दोघांचंही बरोबर आहे," हे म्हणाले. आयुष्यभर हे एवढंच म्हणत आलेत.

बारा फूट

सूर्य मावळला की सहा पेट्या, एकेक करून. एक बाजू माझ्याकडे, एक ह्यांच्याकडे. हे प्रत्येक वेळी डोळे मिटून उचलतात.

पंचेचाळीस

अंगणाचा बरोबर मध्य. कपाटं वाहणारे सुतार आता माश्यांच्या वाटेला वळसा घालून जातात. भावजी मोजपट्टी घेऊन आले.

"आज चार फूट कर."

"तीन."

"साडेतीन?"

"कपाटाचं दार तुम्ही अर्धा फूट वाकडं बसवता का?"

ते आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, पोळ्याच्या चौकटी भरल्यात म्हणतेस ना? मध काढून टाक. पेट्या हलक्या होतील, एका दमात नेऊ."

"ओला आहे अजून. रात्रंदिवस पंखांनी वारा घालून त्या त्यातलं पाणी उडवतात. पुरेसा आटला की पोळ्याच्या एकेका घरावर मेणाचं झाकण बसवतात. झाकण नाही तोवर तो मध नाही, गोड पाणी आहे. आंबेल."

"तुला कसं कळलं?"

कसं कळायचं? पहिल्या वर्षी मीच घाई केली होती. फडताळातल्या बरण्या एकेक करून फसफसल्या. महिनाभर भिंती चिकट होत्या. हे मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे.

बहात्तर

ऊन संपलं. इथून पुढं मागच्या भिंतीची सावली.

नव्वद

मागची भिंत. वर पाण्याची टाकी, टाकीला गळती, भिंतीला शेवाळ. सकाळी दहा वाजले तरी माश्या दारातच कुडकुडत बसलेल्या.

पण झाकणं बसली होती. चौकटभर, पांढरी, एकसारखी. धूर दिला, पेट्यांच्या वरच्या मजल्यातल्या चौकटी काढल्या, गरम सुरीनं झाकणं उतरवली, चौकटी मधयंत्रात फिरवल्या. खालच्या मजल्याला हात लावला नाही. तिथं राणी, तिथं पिल्लं, तिथला मध त्यांचा.

सहा नंबरच्या पेटीचं झाकण उचललं तर आतून बुरशी. दारात पांढरी मेलेली पिल्लं, माश्यांनी स्वतःच ओढून बाहेर टाकलेली.

संध्याकाळी भावजी चमचा घेऊन हजर. चाटला, पुन्हा बुडवला.

"झालं ना तुझ्या मनासारखं?"

"झालं. आता परत."

"परत म्हणजे?"

"उन्हात. उद्यापासून रोज तीन फूट. टेम्पोला तीस दिवसांची मुदत."

चमचा हवेतच राहिला. "इथंच राहायचं ठरलं होतं!"

"यायचं ठरलं होतं. आले. राहून बघितलं." मी मेलेली पिल्लं तळहातावर घेऊन त्यांच्यापुढे धरली. "हे बघा राहणं."

"अंगण माझं आहे!"

"दोघांचंही..." ह्यांनी सुरुवात केली, माझ्या तळहाताकडे पाहिलं आणि थांबले. "अर्धं आमचं आहे, दादा."

भावजींनी बायकोकडे पाहिलं, निदान ती तरी आपली म्हणून.

जाऊबाईंनी खुंटीवरची माझी जास्तीची जाळीची टोपी डोक्यावर चढवली, उलटी. मी ती सरळ केली.

"उद्या कशाला?" त्या म्हणाल्या. "दिवस मावळलाय. कुठून धरायची?"

"खालून. दचका द्यायचा नाही."

त्यांनी सहा नंबरला हात घातला. डोळे उघडे ठेवून.

सत्त्याऐंशी